हिरामावशीचा अर्धा राब

हिरामावशी चालता चालता कधी थांबत नाही, असं गावात सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात ती सारखी थांबायची. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर नोंदी करत बसलं की ती येताना दिसायची. हापशाजवळ थांबून कोणाच्या तरी हंड्याला नावं ठेवायची. देवळाच्या पायरीवर टेकून कोणाच्या तरी सुनेची चौकशी करायची. चिंचेखाली तळव्यातला काटा काढायची, नसलेला. मी आरोग्यसेविका, मला लिहून ठेवायची सवय. वहीत लिहिलं: हिराबाई, वय साठच्या आसपास, दोनशे पावलांत तीन थांबे.

"मावशी, दम लागतो का?"

"दम कसला गो? वय झालं. तू पन होशील म्हातारी, सिस्टर."

"विडी ओढता?"

"मी काय बाप्या हाय?"

"चुलीवर रांधता?"

"मंग जेवन काय आभाळातनं पडतं?"

थुंकी तपासली, क्षय निघाला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षांच्या धुरानं श्वासनळ्या आकसल्या आहेत. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते सांभाळता येईल. छोट्या यंत्रात कॅप्सूल घालून औषध तोंडानं ओढायचं, मग चूळ भरायची. सकाळ-संध्याकाळ, दम असो वा नसो.

धूर म्हणजे फक्त चूल नव्हे. भाताचं रोप जिथे करायचं, तिथे आमच्याकडे उन्हाळ्यात टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात. हा राब. गावात हिरामावशीसारखा राब कोणी भाजत नसे. वारा बघून कोणत्या कोपऱ्याला काडी लावायची, हे तिलाच कळायचं. "दुसऱ्यानं भाजला का रोप पिवलं येतं," हे तिचं ठाम मत.

त्या वर्षी अर्धा राब भाजून झाला आणि वारा फिरला; सगळा धूर तिच्याच अंगावर आला. सून सुगंधानं तिला बांधावरून अक्षरशः ओढत जीपमध्ये घातलं. दवाखान्यात मशीनचा वाफारा दिला. अर्ध्या तासानं ओठांवर रंग आला, तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "राब इझला काय?"

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. कॅप्सूलची डबी जवळपास भरलेली. सुकट, मीठ आणि बियाण्याच्या मडक्याशेजारी नीट झाकून ठेवलेली.

"लावनीसाठी राखलंय," मावशी म्हणाली. "तवा खरी कामाची घाई. आता उगा कशाला संपवू?"

त्या घरात सगळंच पावसाळ्यासाठी राखलेलं असे. औषधही त्याच रांगेत बसलं होतं. चूक माझीही होती. कसं घ्यायचं ते मी तीनदा सांगितलं होतं, रोज का घ्यायचं ते एकदाही नाही.

"मावशी, बांधाला माती कधी घालता? फुटल्यावर?"

"येडी काय तू? पावसाच्या आदी."

"मग हे औषध तसंच आहे."

ती डबीकडे बघत राहिली. "असं सांगायचं ना गो! नुसतं सकाल-संध्याकाल, सकाल-संध्याकाल करतेस."

औषधाचं जमलं. राहिला अर्धा राब. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुरात गेलात तर औषधाचा उपयोग नाही.

"मी भाजते," सुगंधा म्हणाली.

"तू? तुजा पापड पन काला होतो."

सुगंधा हसली आणि हसता हसता खोकायला लागली. बराच वेळ खोकत राहिली. मावशीचा चेहरा बदलला.

"कवापासनं?"

"दोन पावसाले झाले असतील. तुमी खोकता, त्यात माजं कोन ऐकतंय?"

मावशीनं सुगंधाच्या हातातली काडेपेटी घेतली आणि कमरेला खोचली. "ऱ्हाऊ दे अर्धा." सुगंधाचं नाव मी तपासणीसाठी वहीत लिहिलं.

माझा भाऊ खर्डीला गादीवाफ्यावर रोप करतो. उंच वाफा, शेणखत, भाजणं नाही. उरलेल्या अर्ध्यासाठी मी ते सुचवलं खरं, पण मलाही धाकधूक होती. सहा माणसांचं निम्म्या वर्षाचं भात त्या रोपावर होतं.

"आनि तन आलं तर?" मावशीनं विचारलं.

"हातानं काढायचं."

"सोपं हाय तुला, वहीत लिवायला."

तण आलंच, आणि भरपूर आलं. सासू-सुनेनं ते तीनदा काढलं. मावशी दर वेळी माझा उद्धार करायची, असं सुगंधानं सांगितलं. वाफ्यावरचं रोप भाजलेल्या जमिनीतल्या रोपापेक्षा बोटभर बुटकं राहिलं, पण पिवळं पडलं नाही. लावणीत मावशी बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधत होती आणि बायकांना ओरडत होती. पूर्ण वाक्यं ओरडत होती, मध्ये श्वास न तोडता. चिखलात उभं राहून मी ते ऐकत राहिले. भात दोन्हीकडचं घरात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं राब भाजलाच नाही. गावातल्या बायका वाफा बघायला येऊ लागल्या. तिनं अट घातली: "दाखवीन. पन आदी सिस्टरकडं जाऊन छाती तपासून या."

पावसाच्या तोंडावर माझी कसाऱ्याकडे बदली झाली. उपकेंद्रातल्या शेवटच्या दिवशी मी कपाट लावत होते. दारात चार बायका येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढची चाळिशीची असेल. पदर सावरून, पाठ केल्यासारखं तिनं सुरू केलं:

"लगीन झाल्यापासनं चूल फुंकते, राब भाजते. खोकला सकालचा जास्त. घरात सासूला पन हाय, तिला उद्या आनते. हिराबाय म्हनली, सगलं नीट सांग, सिस्टर लिवून घेते."