चौथ्या पुस्तकातलं घर

असल्फ्याच्या टेकडीवर बालवाडी चालवणाऱ्या रत्नप्रभाला पोरांसाठी पुस्तकं लिहायची खोड लागली ती रागातून. बालवाडीत येणारी सगळी पुस्तकं एकाच साच्याच्या घराची. बाबा कामाला, आई ओट्यापाशी, आजोबा पेपर वाचतायत. आणि समोर बसलेली पोरं? एकाची आई मस्कतला, घरात रांधणारा बाप. एकीला नुसत्या आजानं वाढवलेलं. प्रबुद्धचा बाप बौद्ध, आई देवगडची, गणपती बसवणारी, म्हणजे सण दुप्पट आणि भांडणंही दुप्पट. ही पोरं चित्रांवर बोट ठेवून विचारायची, "बाई, हे कुणाचं घर?"

मग तिनंच लिहायला घेतलं. अंधेरीच्या भाऊराव नावाच्या प्रकाशकानं तीन पुस्तकं छापली. रांधणारा बाप, आजाची नात, दुप्पट सणांचं घर. तिन्ही शाळांतून बरी गेली. चौथं तिनं स्वतःच्या घरावर लिहिलं आणि तिथं गाडं अडलं.

तिच्या घरात माणसं तीन. ती, तिच्या पोटची, तिच्याच बालवाडीत जाणारी श्रुतिका आणि कुंदा. नवरा पोरीच्या बारशाआधीच निघून गेला तो गेलाच. कुंदा तिच्याच गावची, घाटकोपरच्या एका मॉलच्या दारावर बायकांच्या पिशव्या तपासायला उभी असते. दोघींनी मिळून संसार मांडला. एक आमटीला फोडणी देते, दुसरी पोरीची वेणी घालते, आणि रुसवेफुगवे कुठल्याही जोडप्यासारखे. पोर एकीला आई म्हणते, दुसरीला कुंदाआई. दाराबाहेर मात्र कुंदा ही मावशी. खोली भाड्यानं घेताना मावशी, गौरी-गणपतीला गावी गेल्यावर मावशी. मावशी म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. आपल्याकडे मावशी कुठल्याही घरात खपून जाते.

चौथ्या पुस्तकात रत्नप्रभानं पहिल्यांदा सरळ लिहिलं, की या घरात दोन आई आहेत आणि त्यांचा एकमेकींवर जीव आहे. कुंदाला वाचून दाखवलं तर तिनं तेच पान पुन्हा वाचायला लावलं.

"ह्या छापून येतला?"

"येतला."

"मगे मी मॉलात सगळ्यांका दाखयतलंय. वाट लागली तरी चलात."

भाऊरावांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "रत्नप्रभाताई, ही कुंदा नक्की कोण?"

हा प्रश्न घरमालकानं विचारला होता, शेजारणीनं विचारला होता, गावच्या भावकीनं विचारला होता. इतकी वर्षं एकच उत्तर देऊन जीभ त्याच वळणाला लागलेली. रत्नप्रभाचं तोंड आपसूक उघडलं.

"मावशी. आमच्याकडे सगळे मावशीच म्हणतात."

"मग झालं की!" भाऊराव मोकळे हसले. "मावशीच करू. शाळा डोळे मिटून घेतील."

"तसं नाही हो, ती खरं म्हणजे..."

"ताई, तुमच्याच तोंडचा शब्द आहे, मी कुठं काय बदललं? आणि हे असंच छापलं तर आधीची तीनही शाळांतून परत येतील. त्या पोरांची घरंपण जातील मग. बघा तुम्ही."

तिनं बघितलं. आणि हो म्हणाली.

चित्रकारानं वर आपली अक्कल चालवली. मावशी कायमची घरात कशी राहील? म्हणून त्यानं तिला गणपतीला आलेली पाहुणी केली. शेवटच्या पानावर ती पिशवी घेऊन दारात उभी, आणि पोर हात हलवतेय.

पुस्तक घरी आलं तेव्हा कुंदा ते पान उघडून बसली.

"मी खंय चललंय गो?"

"गावाक. गणपती झाले म्हणान."

"एस्टी किती वाजताची माझी?"

रत्नप्रभानं पुस्तक घ्यायला हात पुढं केला, कुंदानं दिलं नाही.

"पिशवीत काय भरलंस? आम्ही उघडल्याशिवाय सोडणव नाय हां कोणाक." कुंदा हसली आणि हसता हसता थांबली. "मावशी ह्यो शब्द त्या भाऊरावाक कोणी दिल्यान?"

"मीच."

"तसाच वाटला माका." कुंदानं पुस्तक मिटलं आणि उद्याचा युनिफॉर्म इस्त्रीला घेतला.

सोमवारी भाऊरावांनी बालवाडीत एक माणूस मोबाइल घेऊन पाठवला. बाई पुस्तक वाचतायत असा व्हिडिओ शाळांना दाखवायला हवा होता. रत्नप्रभानं वाचलं, चांगलं वाचलं. शेवटचं पान आल्यावर एका पोरानं विचारलं, "बाई, मावशी परत कधी येणार?"

पुढं बसलेली श्रुतिका उठून उभी राहिली. "ती जात नाय. ती घरातच आसा. ती माझी आई आसा."

पोरं खिदळली. प्रबुद्ध चित्रावर बोट आपटत म्हणाला, "येडी! बघ ना, चालली ती. पिशवीपण घेतली."

श्रुतिका त्याच्याशी भांडली नाही. तिनं रत्नप्रभाकडे पाहिलं. सगळ्या पोरांनी पाहिलं. मोबाइलवालाही थांबून राहिला.

"पुढच्या गणपतीला येईल हां मावशी," रत्नप्रभा म्हणाली. "चला, आता सगळ्यांनी टाळ्या वाजवा बघू."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. श्रुतिका खाली बसली आणि तिनंही वाजवल्या.