भंडाऱ्यातली मशीन

सुगंधाबाईचा गळा बसला तो कायमचाच. भांडून नाय, नवऱ्याशी साधं बोलून बोलून. "च्या घेता का?" एवढं इचारलं तरी गल्लीच्या टोकाचा पानवाला वळून बघायचा. नवरा सूर्यभान. पोरपणी मेंढरामागं हिंडताना लांडग्याची चाहूल त्याला कुत्र्याआधी लागायची. पुढं चितेगावच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर जलम गेला अन् त्या प्रेसनं त्याचे कान खाल्ले. तिथं समदे हातानंच बोलायचे. अंगठा तोंडाला लावला म्हंजी च्या, दोन मुठी आडव्या एकमेकीवर ठेवल्या म्हंजी मशीन बंद. तेच हातवारे त्यानं मुकुंदवाडीच्या घरात आणले.

सांजच्याला एका खाटेवर बसून टीव्ही बघायचा, एवढंच दोघांचं मिळून काय ते उरलं होतं. पण सूर्यभान आवाज वाढवत गेला, वाढवत गेला, अन् शेवटी सुगंधाबाई ओट्यावर जाऊन बसायला लागली. आत टीव्ही गरजायचा, बाहेर ती मेथी निवडायची. कुणी काय इचारलं तर म्हणायची, "आत हवा लागत नाय."

दिवाळीला पोरानं, अजिनाथनं, बापाला कानाच्या मशिनी आणून दिल्या. त्या लग्नकार्याला, नायतर कचेरीत काय काम निघालं तरच कानात जायच्या. एरवी बंद.

मग जुना टीव्ही एक दिवस धूर सोडून बसला.

"बरंच झालं माय," अजिनाथ म्हणला. "आता असा टीव्ही घिऊ की आवाज वायरीबिगर दादाच्या कानात जाईल. मशिनीत सोय हाय तशी."

टीव्ही मोठा का बारका, सुगंधाबाईला काय सोयरसुतक नव्हतं. तिला ओट्यावरनं उठून परत खाटेवर बसायचं होतं, बस.

रविवारी चौघं निघाले. दोघं म्हातारी, अजिनाथ अन् सून अक्षदा. पहिल्या दुकानातल्या गड्यानं मोबाइलवर बोटं फिरवली, मशिनी टीव्हीला जोडल्या अन् म्हणला, "लो मावशी, अब टेन्शनच नै."

टीव्हीवर बाई तोंड हलवत होती. आवाज गप.

"अन् मला?" सुगंधाबाईनं इचारलं.

"इस मॉडल में एकीकडंच येतो मावशी. चाचा के कान में, नै तो बाहर."

"म्हंजी हे एकटेच हसत बसणार, अन् मी ह्यांच्या दाताकडं बघू?"

"घर तरी शांत ऱ्हाईल आत्याबाई," अक्षदा म्हणली.

"शांत मी मेल्यावर लई मिळंल. चला पुढं."

पण पायरी उतरताना सूर्यभान पोराला म्हणला, "मला तरी कुठं आलं? लांब कुठंतरी माशी घोंगावल्यावानी वाटलं."

दुसऱ्या दुकानात मशीन टीव्हीला जुळलीच नाय. दुकानदार म्हणला, ब्लूटूथ असलं म्हणून समद्या टीव्हीला कानाची मशीन जुळतेच असं नाय. तिसऱ्या दुकानात मनासारखा टीव्ही सापडला. आवाज दोन्हीकडं, बाहेर हळू अन् कानात वेगळा. सुगंधाबाईला नीट ऐकू आलं. पण सूर्यभानाच्या कानात तीच माशी.

"टीव्ही तर बरोबर हाय," अजिनाथ बारक्या आवाजात माईला म्हणला. "आता दादाचे कानच पुरते गेले वाटतं."

सूर्यभानाला ऐकू आलं नाय, पर पोराचं तोंड दिसलं. त्यानं दोन मुठी आडव्या एकमेकीवर ठेवल्या. मशीन बंद. अन् दुकानाबाहेर जाऊन पायरीवर बसला.

सुगंधाबाईचे गुडघे भरून आले होते, पोटात सकाळच्या च्याबिगर काय नव्हतं. घरी चला म्हणायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. पण घरी गेलं की पुढं ओटाच होता, मरंपस्तोर.

"जिथनं मशिनी आणल्या तिथं चल आधी," ती पोराला म्हणली.

"आज रविवार हाय माय."

"बंद असंल तर बघून परत येऊ. रिक्षा बोलव."

दुकान उघडं होतं. तिथल्या तनुजा नावाच्या पोरीनं मशिनी हातात घेतल्या, भिंगाखाली धरल्या अन् बारक्या कुंच्यानं झटकल्या. टेबलावर पिवळी पूड पडली.

"आजोबा, हे काय हो?"

सूर्यभानानंच वाकून बघितलं अन् बोटाला लावून कपाळाकडं नेलं.

"भंडारा हाय," तो म्हणला. "देव्हाऱ्यात ठेवतो मी मशिनी. बिरोबापुढं, भंडाऱ्याच्या डब्यात. तिथली चीज आमच्यात कुणी हलवत नाय. पोराची इतकी महागाची वस्तू, दुसरी कुठं ठेवायची?"

अक्षदानं तोंडाला पदर लावला. तनुजा मात्र गंभीर होती. "देवाला चालत असंल आजोबा, मशिनीला हळद चालत नाय. आवाज यायच्या बारक्या जाळ्या बुजल्यात पार." तिनं जाळ्या बदलल्या. मोबाइलवर काहीतरी फिरवलं अन् सुगंधाबाईला म्हणली, "टीव्ही कानात चालू असला तरी बाहेरचं बोलणं ऐकू येईल, असं ठेवलंय. अन् आजी, ह्या रोज घालायच्या बरं का. ठेवणीतलं लुगडं नव्हं हे."

परत तिसरं दुकान. गडी त्यांना बघून जरा हिरमुसलाच. टीव्ही लागला. सूर्यभान ताठ बसला, मग त्याच्या भुवया वर गेल्या.

सुगंधाबाई त्याच्या पाठीमागं जाऊन उभी ऱ्हायली. दुकानात चारचौघं होती म्हणून पदराआड पुटपुटली, "भंडाऱ्यात मशीन ठेवतंय म्हातारं. अकलेचा कांदा."

"ऐकलं मी," सूर्यभान मान न वळवता म्हणला.

"हाच द्या," सुगंधाबाई दुकानदाराला म्हणली.

सांजच्याला टीव्ही भिंतीला लागला. सुगंधाबाई ओट्याकडं बघितल्यासारखं करून आत आली अन् खाटेवर टेकली. पाय वर घेतले. मालिका लागली, आवाज शेजारच्या घरात जाणार नाय एवढाच. तिला समदं ऐकू येत होतं. काय कळायच्या आत डोळे मिटले.

झोपेच्या काठावर तिला सूर्यभानाचा आवाज आला. अक्षदाला सांगत होता, "तुझी आत्याबाई घोरती गं. गिरणीवानी. मला आजवर कुणी सांगितलं नाय."

"हळू बोला मामा, उठतील."

घोरती म्हणे! अख्ख्या भावकीत त्याच्या घोरण्याची बोंब तिनं केली होती. उठून चांगला झापावा असं सुगंधाबाईच्या मनात आलं. पण त्याला झापायचं म्हंजी वरडायचं, ही सवय अजून घशात होती, अन् आज घशात जीव नव्हता. तिनं कूस बदलली. उद्या झापू. हळूच झापलं तरी ऐकू जाईल आता मुडद्याला.