टियर्नीचा सोडलेला खड्डा

होनोरा टियर्नी ऑस्ट्रेलियात बेंडिगोच्या सोन्याच्या खाणीवर आली तेव्हा तिला सगळंच उलटं दिसायचं. नाताळ ऐन उन्हाळ्यात, आणि वकील-डॉक्टर गुडघाभर चिखलात. "मिसेस डफी, इथं शहाणं कोण?" असं ती मला विचारायची. मी म्हणायचे, "ज्याला सोनं लागलं तो, पोरी. बाकी सगळे वेडे."

तिचा नवरा मॅलकी आधीच येऊन खड्डे खणत होता. आधीचे सगळे कोरडे गेले. नव्यात सोन्याचे कण दिसू लागले आणि नेमका तेव्हाच तो हगवणीनं आडवा पडला. आमचा कायदा साधा होता. माणूस कामावर नसला तरी खड्ड्यात त्याचं फावडं आहे तोवर खड्डा त्याचा. फावडं नसेल, तर उतरेल त्याचा. म्हणून मॅलकी फावडं आत ठेवूनच अंथरुणाला लागला. हे होनोराला कुणी सांगितलंच नाही. आपल्याला ठाऊक ते जगाला ठाऊक, असं पुरुषांना वाटतं.

ती आयर्लंडातल्या क्लेअरच्या शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी फावडं रात्री बाहेर राहिलं तर घरची बाई आळशी ठरते. तिनं ते वर काढलं, घासलं, मेंढीची चरबी चोळून तंबूच्या दाराशी टेकवलं. सकाळी पाहते तो शेजारचा जेबेझ ट्रेगिअर खड्ड्यात कुदळ चालवतोय.

"अहो मिस्टर ट्रेगिअर, चुकून आमच्यात उतरलात," ती म्हणाली.

"चुकून नाही, बाई. चांगले डोळे उघडे ठेवून उतरलोय."

दुपारी निवाड्याला कमिशनर घोड्यावरून आला. मॅलकीला आम्ही धरधरून आणलं. खड्ड्यात फावडं होतं का, असं साहेबानं विचारताच होनोरा पुढे झाली. "होतं की. मीच काल वर आणलं. बघा ना, कसं लख्ख ठेवलंय." एवढं निगुतीनं ठेवलेलं फावडं पाहून साहेब खड्डा आपल्याला देईल, असं तिला वाटत होतं. लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चिडावं कुणावर तेच कळेना.

"मीच तिला आणायला सांगितलं, साहेब," मॅलकी म्हणाला. "खड्डा सोडला होता मी."

"मला? कधी?" होनोरा म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

नंतर मी त्याला खडसावलं, खोटं का बोललास म्हणून. "खड्डा तर गेलाच, मिसेस डफी. आता खाणीभर तिचं हसं होऊ देऊ?" एवढंच बोलला.

ट्रेगिअरला तिथं इतकं सोनं लागलं की तो मेलबर्नला घर बांधून राहिला. टियर्नी बटाटे लावून जगले. पुढे होनोराला कायदा कळला आणि तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला. आज म्हणायची, "त्यानं सांगितलंही असेल, मीच विसरले." उद्या म्हणायची, "छे, कधी सांगितलं?" जेवताना मात्र त्याला टोचायची. "तूच आण म्हणालास ना?" तो म्हणायचा, "हो गं, मीच." मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. खरं सांगून टाकावं वाटायचं, आणि नवराबायकोत आपण कशाला पडा, असंही वाटायचं.

मॅलकी गेला. त्याला पुरून आल्यावर ती माझ्या चुलीपाशी बसली.

"तुम्ही होतात तिथं. खरं सांगा, त्यानं मला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं," मी बेधडक ठोकून दिलं.

ती म्हणाली, "मी फावडं वर काढलं त्या दिवशी तो शुद्धीत नव्हता, मिसेस डफी. पाणी मागायलाही त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं त्याला टोचलंस कशाला?"

"तो दर वेळी 'हो' म्हणायचा," ती म्हणाली. "तेवढ्यापुरतं मला खरं वाटायचं."