व्हिडिओ गेमचा वस्ताद

व्हिडिओ गेम मी आयुष्यात एकदाच खेळलो. अकरावीत होतो. शेंडीवाला पैलवान निवडला, दांडी धरली, आणि काय दाबायचं ते कळायच्या आत समोरच्याने मला आडवा केला. मागे उभ्या असलेल्या पोराने विचारलं, "संपलं व्हय?" त्याच्या आवाजात कीव होती. थट्टा केली असती तर परवडलं असतं. त्या दिवशी ठरवलं की यापुढे मशीनला हात लावायचा नाही.

पण गेमचं पार्लर सोडवत नव्हतं. सायकल दुकानाच्या मागे, पत्र्याच्या खोलीत तीन मशीन होती आणि अख्ख्या पेठेतली पोरं तिथे असायची. नुसतं उभं राहायला काहीतरी कारण हवं, म्हणून मी मतं द्यायला लागलो. कोल्हापुरात मत देणं हा मानाचा उद्योग आहे. शेजारच्या बोळातल्या तालमीत वस्ताद हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, काठावर पोट सोडून बसायचे आणि नुसत्या आवाजावर पोरांना लढवायचे. त्यांना लढताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तरुणपणी शेकड्याने कुस्त्या मारल्या होत्या, हा भाग मी सोयीने विसरलो.

मी बोलायचोही जोरात. "शेंडीवाल्यात दम न्हाय." "टकल्याला खालनं लाथ घाल, उठायचा न्हाय." "मुंबईत ह्यो गेम असा खेळतच न्हाईत." मी तोवर उत्तरेला जोतिबाच्या पुढे गेलो नव्हतो. पण मत ठासून दिलं की कोणी पुरावा मागत नाही. महिन्याभरात पोरं मला वस्ताद म्हणू लागली. पुढे सायबर कॅफे आले आणि न पाहिलेल्या सिनेमांवर पानंच्या पानं लिहिणारे लोक इंटरनेटवर भेटले, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही.

माझ्या वस्तादकीचा सगळा डोलारा एका मित्रावर उभा होता. तो माझ्या वर्गातला. घरी दोन म्हशी. रोज पहाटे धारा काढून त्याची बोटं अशी तयार झाली होती की बटणांवर ती दिसायचीच नाहीत. तो कुणालाही हरवायचा, आणि जिंकला की मागे वळून माझ्याकडे बघायचा. मी गंभीरपणे मान हलवायचो. पोरांना वाटायचं, मी शिकवलंय. हळूहळू त्यालाही तसंच वाटायला लागलं, आणि मी ते वाटू दिलं.

त्या मे महिन्यात कबनूरहून एक पाहुणा आला, पेठेतल्या कुणाचा तरी मावसभाऊ. यंत्रमागावर काम करायचा. तुटलेला धागा पकडणारी नजर, बोलणं कमी. दोन दिवसांत त्याने आमची सगळी पोरं लोळवली. माझा मित्र तेव्हा गावच्या जत्रेला गेला होता, तो तेवढा राहिला. मग काय, तो परतल्यावर दोघांची जोड लागली. पार्लरवाल्या मामांनी फेट्याचं बक्षीस लावलं. रविवारी तालमीतला हलगीवाला आला, मशीनवर नारळ फुटला आणि पाणी आत जाईल म्हणून मामा ओरडले. सायकल दुकानापर्यंत गर्दी. आम्हाला कुणालाच यात काही चमत्कारिक वाटलं नाही. कुस्ती म्हटल्यावर ती अशीच व्हायची.

एवढ्या लोकांपुढे वस्तादाने काहीतरी करणं भाग होतं. मी तालमीतून तांबड्या मातीची पुडी आणली होती.

"हाताला लाव," मी म्हणालो.

"चिकटंल की रं," मित्र म्हणाला. त्या मातीत तेल असतं, ताक असतं, हळद असते.

"माती लावल्याबिगर कोल्हापूरचा गडी हात मिळवत न्हाय, मर्दा."

टाळ्या पडल्या. त्याने दोन्ही तळहातांना माती चोळली. मी पाहुण्यालाही चिमूटभर दिली. त्याने ती कपाळाला लावली आणि हात पँटला स्वच्छ पुसला.

पहिल्या फेरीत मी मागून ओरडत होतो. "उडी मार! न्हाय, थांब! लाथ! लाथ नको, मागं सर!" मित्र उडी मारून थांबायचा, थांबून लाथ उचलायचा, उचललेली लाथ मागे घ्यायचा. पाहुण्याने त्याला निवांत हरवलं. दुसऱ्या फेरीत बटण दाबलं गेलं ते वर आलंच नाही. त्याचा टकल्या एका कोपऱ्यात उभा राहून हवेत लाथा झाडत राहिला आणि गर्दी हसत राहिली. हलगीही मध्येच थांबली.

फेटा कबनूरला गेला. मामांनी मशीन उघडलं, बोटाने तांबडा लगदा काढला आणि विचारलं, "ही माती कुणी आणली?"

मी छताच्या पत्र्याकडे बघत होतो. मला अजून आठवतं, मी पत्र्याची भोकं मोजत होतो.

"मी आणली," मित्र म्हणाला.

मामांनी त्याला पार्लरची पायरी बंद केली. त्या दिवसापासून तो बाहेर कट्ट्यावर बसायचा आणि मी आतून निघेपर्यंत थांबायचा, कारण आम्ही घरी बरोबर जायचो. मी आत का जात होतो? विचारू नका. वस्ताद होतो ना.

चार दिवसांनी पोरांनी मला विचारलं, आपला गडी हरला कसा? मी मशीनला रेलून सविस्तर सांगितलं. घाई झाली, नजर हलली. वर हेही म्हणालो, "आनि हाताला माती लावायची गरजच काय हुती?" पोरांनी माना डोलावल्या. बाहेर आलो तर तो कट्ट्यावरच होता, दाराला लागून. त्याने सगळं ऐकलं होतं.

आम्ही चालायला लागलो. माझे कान तापले होते. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही क्वचितच वाटली. मी शिवीची वाट बघत होतो. शिवी आली असती तर मी तिथेच सगळं कबूल केलं असतं, अशी माझी समजूत आहे.

तो म्हणाला, "मातीचं ऱ्हाऊ दे. ते झालं. पन पयल्या फेरीत बटण चांगलं हुतं की. तवा माझं काय चुकलं?"

तो खरंच विचारत होता. उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या फेरीत त्याची एकच चूक झाली होती, त्याने माझं ऐकलं होतं.

"उडी उशिरा मारलीस," मी म्हणालो.

त्याने थोडा विचार केला. "व्हय," तो म्हणाला, "तेच आसंल."