कादर पिंजाऱ्याने सांगितलेला सिनेमा

धरणगावात कादर पिंजाऱ्याचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता आणि कादर ज्याच्याशी दोन शब्द बोललाय असा माणूस सापडत नव्हता. तो टॉकीजचा पुकारा करायचा. सायकलरिक्षाच्या दोन्ही बाजूंना सिनेमाच्या पाट्या, टपावर भोंगा आणि मधे मांडी घालून बसलेला कादर. मालकाने लिहून दिलेला कागद डोळ्यांसमोर धरून तो असा वाचायचा की भाकरी थापणारी बाई हात थांबवून ऐकत राहील. हा गळा बापाकडून आलेला. बाप खांद्यावर कापूस पिंजायचं पिंजण टाकून गल्लोगल्ली "गादीऽऽ" म्हणून ओरडत फिरायचा. पोराने पिंजण खुंटीला टांगलं आणि भोंगा धरला. पण रिक्षातून खाली उतरला की कादर मुका. चहा पाहिजे तर बोट वर करायचा.

अशा माणसाचं मन साबेरावर बसलं.

साबेरा कापसाच्या जिनात रेच्यावर कामाला होती. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. पाळी सुटली की बायांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. साबेराचा नवरा ट्रकवर क्लीनर होता, सोनगीर फाट्यावर अपघातात गेला. मूलबाळ नाही, भावाकडे राहायची, कमवून खायची आणि कुणाचं ऐकून घ्यायची नाही. माझंही नाही. जिनातल्या बायांच्या युनियनसाठी मी घेतलेल्या पहिल्याच सभेत तिने मला विचारलं होतं, "भाऊ, तुम्ही इतलं बोलतस, आम्हले कव्हय बोलू देशात?" राग आला होता मला. पण बाई खरी होती.

कादरने आपल्या खालेला, म्हणजे मावशीला, रहिमाबीला तिच्याकडे पाठवलं. साबेराने चहा पाजला आणि निरोप दिला, "खाला, तो जे बोलतो ते सगळं मालकाने लिहिलेलं असतं. त्याला म्हणावं, स्वतःचं एक वाक्य घेऊन ये. मग बघू."

एक वाक्य! दुसरा असता तर त्याच संध्याकाळी दहा वाक्यं घेऊन गेला असता. कादरच्या मात्र दोन ईदा तशाच गेल्या. साबेराच्या भावाने तेवढ्यात चोपड्याकडचं एक स्थळ काढलं. दोन पोरांचा बाप, घरची गिरणी. साबेरा हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. कादर वाळत चालला होता आणि रहिमाबी माझ्यासमोर पदराने डोळे पुसायची.

मी त्या वेळी जिनातल्या बायांची युनियन बांधत होतो. साल सत्त्याऐंशी. भाषणाला बाया येत नाहीत, आल्या तर पेंगतात, म्हणून मी पुण्याच्या ओळखीतून एक परदेशी सिनेमा मागवला. काळा-पांढरा. बर्फाचं शहर, तिथला जुलमी राजा, एक पाववाला पोरगा आणि टेलिफोनच्या कचेरीतली एक पोरगी. दोघांचं जमतं आणि त्याच हिवाळ्यात शहर पेटतं. प्रेमही आहे आणि क्रांतीही आहे, आणखी काय पाहिजे? अडचण एकच, पडद्यावरची बोली कुणाला कळणार नाही आणि खालची अक्षरं इंग्रजी. जळगावच्या एका प्राध्यापकाकडून मी अर्थ समजून घेतला, मराठीत लिहून काढला आणि कादरला म्हणालो, "पडद्याशेजारी माईक घेऊन उभं राहायचं आणि हे वाचायचं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही." कादरने मान हलवली. टॉकीजच्या मालकाने जिनाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळचा खेळ आम्हाला दिला.

टॉकीज भरली. बाया पोरांना काखेत मारून आल्या, काहींनी भाकरी बांधून आणली. पहिल्या रांगेत भागाबाई, जिनातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तोंडाळ बाई. तिच्या शेजारी साबेरा. ती दिसली आणि कादरने कागद तोंडासमोर धरला. पण दिवे गेले, माईक तोंडाजवळ आला आणि आवाज नेहमीसारखा निघाला, खणखणीत.

सुरुवात झकास झाली. पाववाला त्या पोरीसाठी रोज एक पाव बाजूला काढून ठेवतो, हे बघून भागाबाई ओरडली, "मन्हा मानूसनी कव्हय भाकरबी बाजूले काढी नही!" टॉकीजभर हशा. मी मागच्या भिंतीला टेकून खूश.

मग पडद्यावर राजाने पाव बंद केले, लोक रस्त्यावर आले आणि कादरने माझं वाक्य वाचलं, "आणि दुसऱ्या दिवशी शहरात मोठा उठाव झाला!"

टाळ्या! शिट्ट्या! मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात भागाबाईचा आवाज आला, "उठाव व्हयना वं माय! आते दोन पाळ्या चालतीन!"

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे उठाव म्हणजे मालाला गिऱ्हाईक. रुईच्या गाठींना उठाव असला की जिन दिवसरात्र चालतं, बायांना काम असतं. उठाव नसला की बाया घरी. शहरात मोठा उठाव झाला म्हणजे बायांच्या हिशेबाने सगळ्यांना काम मिळालं, गोड शेवट झाला. दोघी-तिघी तर लेकरं उचलून निघायच्या तयारीत. आणि पडद्यावर बघतात तर शिपाई गोळ्या झाडतायत.

"उठाव व्हयना तं गोया कसाले मारी राह्यनात?" एक बाई म्हणाली.

"माल पसंत पडना नसी," दुसरी म्हणाली, आणि टॉकीज पुन्हा हसली. तिकडे माणसं पडतायत आणि इकडे हसू! माझ्या डोक्यात आग. मी मागून ओरडलो, "कादर, पुढचं वाच!" त्याने पुढचं वाचलं. त्यात पुन्हा उठाव. पुन्हा हशा. माझा शब्द चूक नव्हता, आजही सांगतो, शब्दकोशात जाऊन बघा. पण शब्दकोश काही धरणगावच्या जिनात कामाला नव्हता.

साबेरा उठून उभी राहिली. "कादर, तू जे वाची राह्यना ते तुले तरी समजस का?"

पडद्यावर शहर जळत होतं. कादरने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण करत होतो, वाच, वाच. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"बाया हो, आयका," तो म्हणाला. "हाऊ कापूसना उठाव नही. हाऊ मानसेसना उठाव शे. राजानी रोटी बंद करी, तं बठ्ठा लोके घरमाईन भायेर निंघनात. आपला जिनना रेचा बंद करीसन तुम्ही बठ्ठ्या एकदम भायेर उन्ह्यात तं कसं व्हई? तसं."

हसू थांबलं. पोरं रडायची थांबली म्हटलं तर खोटं होईल, पण बाया थांबल्या. भागाबाई हळूच म्हणाली, "आस्सं शे व्हय." आणि दाराशी गेलेल्या दोघी परत येऊन बसल्या.

मग कादर सुटला. पडद्यावर जे दिसेल ते सांगत गेला, माझ्या लिहिण्यात नसलेलंही. पोरगी टेलिफोनच्या तारा जोडत शिपायांची बातमी पाववाल्याला पोचवते, तेव्हा म्हणाला, "देखा, हाई पोरनं काम कोन्हा ध्यानम्हाबी येत नही. पन तिन्हामुये गाव जित्तं शे." बाया पुढे सरकून ऐकत होत्या. मी चिडलेलाच होतो, पण खुणा करणं सोडलं होतं.

शेवटाकडे पाववाल्याला गोळी लागते. तो बर्फात पडतो, लोक त्याला उचलून नेतात. पोरगी धावत येते. इथे कादर अडखळला. त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली.

"त्याले... त्याले नुसतं लागेल शे," तो म्हणाला. "दवाखानाम्हा लई जाई राह्यनात. बरा व्हई जाई."

"खोटं बोलू नको!"

साबेरा होती. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मालेबी असंच सांगी दिन्हं व्हतं. लागेल शे, दवाखानाम्हा शे, बरा व्हई जाई!" तिचा नवरा सोनगीर फाट्यावर जागीच गेला होता. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी जखमी म्हणून सांगितलं. ती त्याच्यासाठी डबा बांधून धुळ्याच्या दवाखान्यात गेली आणि वॉर्डावॉर्डात त्याचं नाव घेत फिरली. शेवटी एका अनोळखी झाडूवाल्याने खरं सांगितलं. हे जिनातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

मला वाटलं, संपलं. आता ही उठून जाईल, तिच्यामागे सगळ्या जातील, आणि हा माणूस परत जन्मात तोंड उघडणार नाही.

कादरने माईक तोंडापासून खाली घेतला. न भोंग्याचा, न माईकचा, नुसता त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. लहान होता, पण पोचला.

"मरी गया, साबेरा," तो म्हणाला. "तो मरी गया."

ती उभीच राहिली. मग बसली. भागाबाईने तिचा हात धरला. पडद्यावर पोरगी पाववाल्याच्या बंद दुकानात शिरली, बाह्या वर केल्या आणि भट्टी पेटवली. बाहेर लोकांची रांग लागली. कादरने माईक ठेवून दिला. सांगायची गरजही नव्हती. पीठ मळणारे हात कुठल्याही बाईला कळतात.

दिवे लागल्यावर मी सभा घेतली. त्या दिवशी भाषण छोटं केलं, आणि बाया पेंगल्या नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो. आटोपून बाहेर आलो तर टॉकीजच्या भिंतीला कादर टेकलेला आणि समोर साबेरा. बाजूला भागाबाई कुणाचं तरी लेकरू खेळवत होती आणि कान इकडे होते.

"खोटं कसाले सांगं?" साबेराने विचारलं.

"तुले रडू येई म्हनीसन."

"मी रडू नही तं काय करू? मानूस मरना तं मानूस रडसच. पन त्या दिन आस्सं तोंडवर सांगनारं आपलं कोनीच भेटनं नही."

कादरने मान खाली घातली. भागाबाई न राहवून म्हणाली, "अरे, आते तरी बोल ना भो! का पितांबरभाऊ लिखी देशीन?" पितांबरभाऊ म्हणजे मी. मी म्हणालो, "मी कुणाला काही लिहून देणार नाही आता."

कादर हसला. मग वर बघून म्हणाला, "साबेरा, माले तुन्हासंगे निकाह करना शे."

मी बघत होतो तिच्याकडे. तिने ओढणीच्या टोकाने भुवईत कालचा राहिलेला रुईचा तंतू काढला, फुंकरीने उडवला आणि म्हणाली, "उद्या मन्ही पाळी दुपारले सुटस. त्यान्हानंतर ये. भाऊ घर राही. चोपडावालाले काय सांगनं ते मी सांगसू."

"मी संगे काय लई येऊ?" कादरने विचारलं.

"भूक लई ये," साबेरा म्हणाली. "मी सयपाक करसू."