आढीजवळ ठेवलेल्या मोगऱ्याच्या काड्या

मुलांनो, आपली गिरगावातली चाळ पाडायची ठरली आणि महिनाभरात जागा सोडा असं सांगण्यात आलं. अंगणात तुमच्या पणजीने लावलेला मोगरा आहे. त्याची मुळं फरशीखाली इतकी गेली आहेत की तो उपटून नेता येणार नव्हता. म्हणून मी त्याच्या सात काड्या कापल्या. सरळ सहा निवडून सहा डब्यांत लावल्या, प्रत्येकावर तारीख लिहिली. सातवी वाकडी होती. ती तडा गेलेल्या कपात खोचून गॅलरीत ठेवली.

डबे पलंगाखाली सावलीत सरकवले. तिथेच गावाहून आलेल्या हापूसची पेंढ्यात आढी घातली होती. पाचव्या दिवशी वास सुटला म्हणून आंबे चाचपायला वाकले, तर सहाही काड्या बोडक्या. पानं पिवळी होऊन मातीवर पडलेली. 

शेजारची मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला बोलावलं.

"काकू, आंब्यांशेजारी ठेवलंत यांना?"

"सावली होती गं."

"पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. झाडांचं हॉर्मोनच ते. फळ पिकवतं, तसं पानंही गाळतं. काडी स्वतः थोडा नायट्रिक ऑक्साइड बनवते, तो इथिलीनला आवरतो. मूळ फुटायला ऑक्झिन नावाचं दुसरं हॉर्मोन लागतं, त्याचा निरोपही हा नायट्रिक ऑक्साइडच पुढे नेतो. पण आढीभर आंब्यांपुढे या बिचाऱ्यांचा काय निभाव लागणार?"

नायट्रिक ऑक्साइड मला ठाऊक होता तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, हवा लागताच तांबूस धूर होणारा. तो निघाला की आम्ही नाकाला पदर लावून बाहेर पळायचो. आणि तो पणजीच्या मोगऱ्यात इतकी वर्षं मुळांसाठी राबत होता?

"मग आता आंबे खायचे, की त्यांच्याशी अबोला धरायचा?" तुमच्या आजोबांनी विचारलं. मला हसू आलं नाही.

सहाही काड्या काळ्या पडल्या. निघायच्या आदल्या दिवशी गॅलरीतला कप फेकायला उचलला, तर तड्यातून शेवईएवढं पांढरं मूळ बाहेर आलेलं.

परळच्या भाड्याच्या घरापर्यंत तो कप मी टॅक्सीत मांडीवर धरून आणला. आजोबा दुसऱ्या आढीतल्या आंब्यांची पिशवी शेजारी ठेवत होते. ती मी डिकीत टाकायला लावली.