नाक्यावर अडकलेली कादंबरी

निजामाच्या अख्ख्या मुलखात पुस्तकबंदीवर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि बंदीची पुस्तकं सगळ्यात जास्त लोकांच्या कानी घातली तीही त्यानंच. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. सोलापूरकडून इंग्रजी हद्द ओलांडली की नळदुर्गच्या अलीकडं करोडगिरीचा नाका लागे. तिथं मालावर जकात घ्यायची आणि सरकारला नको असलेली पुस्तकं जप्त करायची, हे मामांचं काम. "इखारी पुस्तकं असत्यात, ती अडवायलाच पायजेत," असं ते ठासून सांगत. "पर इख हाय का न्हाय, हे शेवटच्या पानापतुर वाचल्याबिगर कसं कळंल?"

वाचायची त्यांना भारी खोड. भजी संपली की पुडीचा कागद पुसून वाचत; लग्नपत्रिका तर छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. पण मनातल्या मनात वाचणं त्यांना येत नसे. अक्षरओळख महादेवाच्या देवळात पोथी वाचता वाचता झालेली, त्यामुळं कादंबरीसुद्धा ते मांडी घालून, हेल काढून, पोथीसारखीच वाचत. खोळंबलेले गाडीवान भोवती बसत आणि सवयीनं दर वाक्याला "व्हय जी" म्हणत. एकदा कापडाचा एक व्यापारी कुरकुरला, "कारकूनसाब, बैलं ताटकळली, सोडा की." मामा म्हणाले, "थांबा वो. नायक आत्ताच कैदेत पडलाय, त्याला तसाच टाकून कुठं निघालाव?" व्यापारी मुकाट्यानं खाली बसला. पुस्तक संपलं की मामा एक तर "जाऊ द्या!" म्हणून शिक्का मारत, नाहीतर गंभीर चेहऱ्यानं जप्त करत. तोवर ते गावोगावच्या गाडीवानांना तोंडपाठ झालेलं असे.

हे वर कळायला वेळ लागला नाही. रयतेनं शेतसारा भरायला नकार दिल्याची एक कादंबरी रंगात आली असताना खुद्द मोहतमीमसाहेब, म्हणजे नाक्यांचे बडे अधिकारी, पुढ्यात येऊन उभे राहिले. पुस्तक बांधून द्या, म्हणाले. मामांनी हात जोडले. "हुजूर, थोडीच पानं राह्यलीत. न वाचता जप्त करनं हराम हाय." साहेबांनी पुस्तकही नेलं आणि मामांची नोकरीही. मामींनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढं मामांनी शेती केली, तीही जेमतेम. मी चिडून विचारायचो, "असल्या बंदीला काही अर्थ आहे का, मामा?" ते शांतपणे म्हणायचे, "आसंल बी. म्या कुठं पुरतं वाचलंय? फैसला व्हायचाय अजून." पोटावर पाय देणाऱ्यांचीही बाजू हा माणूस राखून ठेवतो, याचा मला राग येई, आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटे.

निजामाचं राज्य गेलं. तीच कादंबरी मी सोलापुरातून विकत आणली. ओस पडलेल्या नाक्यावर कुणी अडवलं नाही. मामांची नजर तोवर गेली होती. राहिलेली पानं मी वाचायला घेतली, तर म्हणाले, "हेल काढून वाचा, जावईबापू." मी काढला. दर वाक्याला ते "व्हय जी" म्हणत होते.

वाचून संपलं. "शेवट काय लई खास न्हाय," ते म्हणाले. मग चाचपत त्यांनी पुस्तक शोधलं, त्याच्यावर अलगद मूठ आपटली आणि म्हणाले, "जाऊ द्या."